लोकप्रिय व्हिडिओ गेम मालिकेचे पुनरुज्जीवन : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणि पुण्यातील अपूर्ण प्रयोग

सारांश

एकेकाळी जगभर गाजलेली व्हिडिओ गेम मालिका पुढील भागांनी निराशा केल्यानंतर पुन्हा उभी करता येते काय, आणि येत असल्यास कोणत्या अटींवर, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या मालिकेच्या आधारे केला आहे. या मालिकेतील सर्वाधिक नावाजलेल्या खेळाच्या पुनर्निर्मितीचे काम पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे होते. २०२० मध्ये घोषित झालेला हा प्रकल्प २०२२ मध्ये कॅनडातील स्टुडिओकडे गेला आणि जानेवारी २०२६ मध्ये रद्द झाला. या घटनाक्रमाचा अर्थ लावून त्यातून महाविद्यालयीन शिक्षणाने काय घ्यावे, हे अखेरीस मांडले आहे.

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, पुनरुज्जीवन, पुनर्निर्मिती, स्मृती, ज्ञानाचे हस्तांतरण, आंतरविद्याशाखीय शिक्षण.

१. प्रस्तावना

लोकांच्या मनात घर केलेली जुनी कलाकृती नव्याने सादर करावयाची झाल्यास तिच्यातील काय राखावे आणि काय बदलावे, हा प्रश्न भंडारा जिल्ह्यातील वाचकाला नवा नाही. दिवाळीनंतर धानाची कापणी-मळणी आटोपली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि रात्र रात्र मंडप भरलेले राहतात. दंडार व खडी गंमत यांसारख्या लोकप्रकारांच्या प्रदेशात वाढलेल्या या रंगभूमीने नेपथ्य बदलले, प्रकाशयोजना बदलली, ध्वनिक्षेपक आणले. तरीही गावकरी प्रेक्षक मंडपात आला तो गाण्यांसाठी, कथेतील ताणासाठी आणि समोर उभ्या असलेल्या नटासाठी. जे बदलले ते त्याने स्वीकारले. परंतु ज्यासाठी तो येतो तेच हरवले, तर नवा पडदा त्याला थोपवून धरू शकत नाही.

व्हिडिओ गेम हे माध्यम वरकरणी या मंडपापासून फार दूरचे वाटते. तथापि पुनरुज्जीवनाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. फरक मालकीचा आहे. दंडार कोणाही एकाच्या मालकीची नसते; एका गावात ती थांबली तरी दुसऱ्या गावात उभी राहू शकते. व्हिडिओ गेमचे नाव, पात्रे आणि आज्ञावली एका कंपनीच्या ताब्यात असतात. कंपनीने निर्णय बदलला की प्रेक्षकांची इच्छा कितीही प्रबळ असली तरी पुनरुज्जीवन तेथेच थांबते. हा फरक ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन वाचणे इष्ट ठरेल.

२. संकल्पनांची स्पष्टता

जुना खेळ नव्याने आणण्याचे चार प्रकार सामान्यतः मानले जातात. पहिल्या प्रकारात मूळ खेळ जसाच्या तसा नव्या यंत्रावर चालेल अशी सोय केली जाते; यास स्थानांतर म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात मूळ आज्ञावली कायम ठेवून चित्रांची व ध्वनीची गुणवत्ता वाढविली जाते. हे संस्करण होय. तिसरा प्रकार पुनर्निर्मितीचा. यात कथा व रचना मूळची, परंतु चित्रे, हालचाली, कॅमेरा आणि बहुतांश आज्ञावली नव्याने तयार होते. चौथ्या प्रकारात केवळ नाव व काही खुणा राखून मालिकेचा नवा आरंभ केला जातो.

यांपैकी पुनर्निर्मिती हा प्रकार सर्वांत कठीण आहे. नव्या आरंभाची तुलना जुन्याशी थेट होत नाही आणि संस्करणाकडून फारशा अपेक्षा नसतात. पुनर्निर्मितीला मात्र मूळ खेळाशी नव्हे, तर मूळ खेळाच्या स्मृतीशी स्पर्धा करावी लागते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे चित्र प्रत्यक्षात धूसर असले तरी आठवणीत ते स्वच्छ झालेले असते. शिवाय अशा खेळातील मोजमापे एकमेकांत गुंतलेली असतात. नायकाची उडी किती लांब, यावर दोन भिंतींमधील अंतर ठरते. कॅमेरा कोठून पाहतो, यावर ती उडी घेण्याचा निर्णय ठरतो. नायकाची हालचाल अधिक वास्तव करण्यासाठी उडीपूर्वी अर्धे पाऊल वाढविले, तरी संपूर्ण महालाचे गणित बिघडू शकते.

३. मूळ खेळ : मर्यादेतून निर्मिती

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ अमेरिकेतील जॉर्डन मेकनर यांनी ॲपल टू या संगणकासाठी तयार केला आणि ब्रॉडरबंड या कंपनीने तो १९८९ मध्ये प्रकाशित केला. मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्याचे व उड्या मारण्याचे चित्रीकरण करून त्यातील एकेक चौकट गिरवून नायकाची हालचाल सिद्ध केली. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हूडवरील चित्रपटातील द्वंद्वाचा आधार घेतला. संगीत त्यांच्या वडिलांनी रचले. परिणामी त्या काळातील इतर खेळांतील ठोकळेबाज आकृत्यांच्या तुलनेत हा राजपुत्र खऱ्या माणसासारखा अडखळे, लोंबकळे आणि पडे.

संगणकाची स्मरणक्षमता अत्यंत तोकडी असल्याने शत्रूची नवी आकृती साठविण्यास जागा उरली नव्हती. मेकनर यांनी नायकाच्याच आकृतीतील बिंदूंची उलटापालट करून त्याची झगमगती छाया निर्माण केली आणि ती छाया नायकाची प्रतिस्पर्धी ठरली. खेळातील सर्वांत स्मरणीय पात्र अशा रीतीने साधनांच्या अभावातून जन्मले. साठ मिनिटांत राजकन्येची सुटका करणे ही खेळाची अट होती. काळ हाच येथे खरा शत्रू होता.

ॲपल टू हे यंत्र तोवर मागे पडू लागल्याने आरंभीची विक्री मंद राहिली. १९९० मध्ये डॉस प्रणालीसाठी आवृत्ती निघाल्यावर आणि इतर यंत्रांवर खेळ पोहोचल्यावर मात्र त्याला जगभर प्रेक्षक लाभला. महाराष्ट्रातही १९९० च्या दशकात संगणक प्रयोगशाळांत आणि संगणक प्रशिक्षण केंद्रांत फ्लॉपीवरून हातोहात पसरलेल्या खेळांत तो होता. आज प्राध्यापकपदावर असलेल्या पिढीतील अनेकांना संगणकाचा पहिला थरार याच तुरुंगातील काटेरी खड्ड्यांनी दिला असेल.

४. निराशा आणि पहिले पुनरुज्जीवन

दुसरा भाग १९९३ मध्ये आला. त्यानंतर १९९९ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’ हा त्रिमितीय खेळ निघाला आणि त्याने पदरी निराशा टाकली. कॅमेऱ्याची अडचण, नियंत्रणातील बोजडपणा आणि तांत्रिक दोष यांमुळे मूळ खेळातील हालचालीचा डौलच नाहीसा झाला. दरम्यान ब्रॉडरबंड ही कंपनी विकली गेली आणि २००१ मध्ये तिच्या खेळांचा वारसा युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीकडे आला.

युबीसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने २००३ मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’ हा खेळ सादर केला. पॅट्रिस देझिले हे त्याचे सर्जनशील दिग्दर्शक होते, तर कथालेखनासाठी खुद्द मेकनर सहभागी झाले होते. विशेष म्हणजे कथेचा आरंभ भारतातील एका महाराजाच्या राजवाड्यावरील आक्रमणाने होतो आणि नायिका फराह ही त्या महाराजाची कन्या आहे.

हे पुनरुज्जीवन यशस्वी का झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. भिंतीवरून धावणे, खांबांवरून झेपावणे, सापळ्यांचे वेळापत्रक ओळखणे, हा हालचालीचा गाभा त्याने त्रिमितीत नव्याने सिद्ध केला. परंतु खरी प्रतिभा काळाच्या हाताळणीत दिसते. १९८९ च्या खेळात काळ शत्रू होता. २००३ च्या खेळात तो साधन झाला. नायकाच्या हाती असलेल्या खंजिरातील वाळूच्या बळावर काही क्षण मागे नेता येत आणि चुकलेली उडी पुन्हा घेता येत असे. ही वाळू मर्यादित होती, म्हणून चुकीचे मोल कायम राहिले. त्यात संपूर्ण कथा नायक स्वतःच सांगत असल्याने खेळाडू मेला की निवेदक जणू आपली आठवण चुकल्याचे सांगून कथा दुरुस्त करी. खेळाचा नियम आणि कथेची रीत येथे एकजीव झाली होती. जुन्या विषयाला नवा अर्थ देणे म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ होय.

५. पुढील भाग आणि दिशाभ्रम

पुढील भागांत हे संतुलन टिकले नाही. २००४ च्या ‘वॉरियर विदिन’मध्ये लढाईची रचना अधिक विस्तृत झाली, मात्र परीकथेचा सूर जाऊन रक्तपात व कर्कश संगीत आले. विक्रीच्या दृष्टीने हा भाग अपयशी नव्हता. तथापि त्याची कलात्मक दिशा व हिंसा आपणांस रुचली नसल्याचे मेकनर यांनी जाहीरपणे म्हटले. २००५ च्या ‘द टू थ्रोन्स’ने दोन्ही सूर जुळविण्याचा प्रयत्न केला.

२००८ मध्ये नव्या नायकासह मालिकेचा नवा आरंभ करण्यात आला. त्याची चित्रशैली देखणी होती. परंतु नायक पडू लागला की सहचारिणी एलिका त्याला प्रत्येक वेळी सावरीत असे. त्यामुळे मरण जवळजवळ उरलेच नाही. पडण्याचे भय संपले की उडीचे मोलही संपते, ही टीका तेव्हा अनेकांनी केली. २०१० मध्ये हॉलिवूडच्या चित्रपटाच्या सुमारास ‘द फरगॉटन सँड्स’ आला आणि त्यानंतर मालिकेचा मोठा मुख्य खेळ २०२४ पर्यंत आला नाही.

येथे आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. २००७ मध्ये आलेली ‘असॅसिन्स क्रीड’ ही युबीसॉफ्टची प्रचंड यशस्वी मालिका मुळात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्याच एका पुढील भागाच्या कल्पनेतून उगम पावली. म्हणजे या मालिकेची सर्वांत सकस कल्पना दुसऱ्या नावाने वाढली आणि मूळ मालिका मागे पडली. आपल्याच अपत्याच्या छायेत कोमेजणे, असे या स्थितीचे वर्णन करता येईल.

६. पुण्यातील प्रयोग

युबीसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्ट या कंपनीचा पुण्यातील स्टुडिओ आपल्याकडे घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा स्टुडिओ सुरू केला. पुण्यातील चमूने दीर्घकाळ अन्य स्टुडिओंच्या प्रकल्पांना साहाय्य केले. ‘जस्ट डान्स’ या नृत्यखेळाच्या आवृत्त्यांचे कामही तेथे झाले. अशा पार्श्वभूमीवर १० सप्टेंबर २०२० रोजी ‘द सँड्स ऑफ टाइम’च्या पुनर्निर्मितीची घोषणा झाली आणि तिचे नेतृत्व पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे असल्याचे जाहीर झाले. जागतिक कीर्तीच्या मालिकेतील इतके महत्त्वाचे काम महाराष्ट्रातील चमूच्या नेतृत्वाखाली होत असल्याने ही घटना भारतीय खेळनिर्मितीच्या दृष्टीने मोठी मानली गेली.

प्रकाशनाची तारीख २१ जानेवारी २०२१ ठरली होती. परंतु पहिली चित्रफीत पाहताच जगभरातील खेळाडूंनी चित्रांच्या दर्जावर टीका केली. चेहरे निर्जीव आणि दृश्ये मागील पिढीतील यंत्रांवरची वाटतात, असा त्यांचा आक्षेप होता. तारीख प्रथम १८ मार्च २०२१ पर्यंत आणि नंतर अनिश्चित काळासाठी पुढे ढकलण्यात आली. मे २०२२ मध्ये प्रकल्प माँट्रियल स्टुडिओकडे सोपविल्याचे जाहीर झाले. जून २०२४ मध्ये २०२६ हे प्रकाशनवर्ष सांगण्यात आले. अखेर जानेवारी २०२६ मध्ये कंपनीच्या व्यापक पुनर्रचनेच्या वेळी जे सहा खेळ रद्द झाले, त्यांत या खेळाचा समावेश होता.

मधल्या काळात मालिकेतील अन्य दोन प्रयत्न झाले. जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए स्टुडिओचा ‘द लॉस्ट क्राउन’ आला. त्याने द्विमितीय रचनेकडे परत जाऊन सीमुर्ग पक्षी व काफ पर्वत या इराणी पुराणकथांचा आधार घेतला आणि फारसी भाषेतील संवादही उपलब्ध करून दिले. समीक्षकांनी त्याची मनापासून प्रशंसा केली. विक्री मात्र कंपनीच्या अपेक्षेपर्यंत पोहोचली नाही आणि त्याच वर्षी तो चमू इतर प्रकल्पांत विखुरला गेला. दुसरा प्रयत्न ‘द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा तुलनेने लहान खेळ होय. त्याची पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकाशित झाली.

७. घटनाक्रमाचा अर्थ

पुण्यातील प्रयोगाच्या अपूर्णतेचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण म्हणजे ‘भारतीय चमूला हे काम झेपले नाही’. अनेकांनी ते स्वीकारलेही. परंतु घटनाक्रम या स्पष्टीकरणाला पुरेसा आधार देत नाही. ज्या माँट्रियल स्टुडिओत मूळ खेळ जन्मला, त्याच्या हाती साडेतीन वर्षांहून अधिक काळ राहूनही ही पुनर्निर्मिती पूर्ण झाली नाही. म्हणजे अडचण केवळ हातांची नव्हती.

पहिली अडचण वचन आणि अपेक्षा यांतील अंतराची होती. खेळाची घोषित किंमत सुमारे ४० डॉलर होती. ती त्या वेळच्या पूर्ण किमतीच्या खेळाहून कमी होती. यावरून मध्यम स्वरूपाचा प्रकल्प योजिला असावा, असे अनुमान निघते. परंतु २०१९ मधील ‘रेसिडेंट ईव्हिल २’ आणि एप्रिल २०२० मधील ‘फायनल फँटसी ७’ यांच्या पुनर्निर्मितींनी प्रेक्षकांच्या नजरेतील मोजपट्टी बदलून टाकली होती. मध्यम प्रकल्पाला सर्वोच्च प्रकल्पाच्या तराजूत तोलले गेले.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. घोषणा व प्रकाशन यांत जेमतेम साडेचार महिने होते आणि ते वर्ष करोना महामारीचे होते. प्रेक्षकांचा पहिला प्रतिसाद येईपर्यंत मूलभूत बदलास अवकाशच उरला नव्हता.

तिसरी अडचण ज्ञानाच्या हस्तांतरणाची. एखाद्या खेळातील उडी ‘बरोबर’ का वाटते, हे ज्ञान बव्हंशी लिहिलेले नसते; ते चमूच्या सवयीत असते. गायकीतील जागा जशा केवळ स्वरलिपीतून कळत नाहीत, तसेच हे आहे. साहाय्यक कामे करीत वाढलेल्या चमूवर एकाएकी संपूर्ण कर्तृत्वाची जबाबदारी टाकावयाची असेल, तर मधल्या पायऱ्या आवश्यक असतात.

चौथी अडचण भांडवलाची. २०२५ मध्ये युबीसॉफ्टने टेन्सेंट या चिनी कंपनीच्या गुंतवणुकीसह स्वतंत्र उपकंपनी स्थापण्याचा निर्णय घेतला. तिच्याकडे ‘असॅसिन्स क्रीड’, ‘फार क्राय’ आणि ‘रेनबो सिक्स’ या तीन मालिका सोपविण्यात आल्या. राजपुत्र या यादीत नव्हता. संकटकाळी कंपनी आपल्या मोठ्या नावांना सांभाळते आणि आठवणींवर जगणाऱ्या नावांना प्रथम सोडते.

याउलट, यशस्वी ठरलेली अन्य उदाहरणे काय सांगतात? ‘टूम रेडर’ मालिकेचा २००३ मधील भाग अपयशी ठरल्यावर ती इंग्लंडमधील मूळ स्टुडिओकडून अमेरिकेतील क्रिस्टल डायनॅमिक्सकडे गेली आणि २००६ मध्ये सावरली. म्हणजे दुसऱ्या देशातील नवा चमूही पुनरुज्जीवन करू शकतो. ‘सॉनिक’ मालिकेला २००६ च्या फसलेल्या भागानंतर खरी जुनी चव २०१७ च्या ‘सॉनिक मॅनिया’ने मिळवून दिली. त्याचे प्रमुख निर्माते ख्रिश्चन व्हाइटहेड हे ऑस्ट्रेलियातील चाहते असून, त्यांनी २०११ मध्ये ‘सॉनिक सीडी’चे स्थानांतर करून आपली पात्रता आधी सिद्ध केली होती. लहान कामातून मोठ्या कामाकडे जाण्याची ही पायरी दुर्लक्षिण्याजोगी नाही.

८. महाविद्यालयांसाठी बोध

भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांतून संगणकशास्त्राची पदवी घेऊन विद्यार्थी नागपूर, पुणे, हैदराबादकडे जातात. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रांसाठीच्या धोरणास मान्यता दिली आहे. त्यामुळे या क्षेत्राकडे ओढा वाढणार, हे उघड आहे. अशा वेळी केवळ सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण पुरेसे मानले, तर विद्यार्थी साहाय्यक कामापर्यंतच पोहोचतील. कर्तृत्वापर्यंत पोहोचण्यासाठी तीन गोष्टींची जोड आवश्यक वाटते.

(अ) आंतरविद्याशाखीय रचना : मेकनर यांच्या खेळात शरीराची हालचाल, चित्रपटाचा अभ्यास, संगीत व आज्ञावली एकत्र आली. संगणक, मराठी, इतिहास व शारीरिक शिक्षण या विभागांनी पदवीस्तरावर एखादा संयुक्त प्रकल्प घेणे अशक्य नाही. झाडीबोलीतील एखादी कथा, मालगुजारी तलावांचा परिसर किंवा दंडारीतील पदन्यास हे अशा प्रकल्पाचे विषय होऊ शकतात. स्वस्त कॅमेऱ्याने चित्रित केलेली दंडारकऱ्याची एक गिरकी हे १९८० च्या दशकातील त्या भावाच्या धावण्यापेक्षा कमी प्रतीचे साहित्य नव्हे.

(आ) नोंद व जतन : १९८९ च्या खेळाची मूळ आज्ञावली हरवली असे मानले जात होते. २०१२ मध्ये मेकनर यांच्या वडिलांना एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या, त्यांतील मजकूर वाचण्यात यश आले आणि ती आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. खेळ घडत असताना मेकनर यांनी लिहिलेली रोजनिशीही प्रकाशित झाली आहे. म्हणून आज हा खेळ अभ्यासता येतो. विद्यार्थ्यांचे प्रकल्प परीक्षेनंतर रद्दीत जातात, ही रीत बदलली पाहिजे. हाच न्याय झाडीपट्टीतील नाट्यसंहितांनाही लागू पडतो. हस्तलिखित गेले की नाटकाचे पुनरुज्जीवन केवळ आठवणीच्या भरवशावर उरते.

(इ) पायरीपायरीने जबाबदारी : विद्यार्थ्याला प्रथम जुन्या लहान खेळाची हुबेहूब प्रतिकृती, नंतर त्यात एक बदल आणि मग स्वतंत्र निर्मिती, असा क्रम दिल्यास ‘बरोबर वाटणारी उडी’ त्याच्या हातात येते. पुस्तकातून ती येत नाही.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पुनरुज्जीवन म्हणजे जुन्या रूपावर नवा रंग चढविणे नव्हे. मूळ गाभा ओळखून त्याला नवा अर्थ देणे होय. २००३ मध्ये ते साधले, कारण काळ हा विषय कायम ठेवून त्याची भूमिका बदलली गेली. पुढे सूर, भय किंवा स्वातंत्र्य यांपैकी काहीतरी निसटत गेले. पुण्यातील प्रयोग अपूर्ण राहिला त्यामागे अपेक्षा, वेळ, ज्ञानाचे हस्तांतरण आणि भांडवल या चारही बाबींचा विचार करावा लागतो. त्याचा दोष एका देशाच्या कौशल्यावर टाकणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

‘द सँड्स ऑफ टाइम’मधील राजपुत्राला चुकलेली उडी पुन्हा घेता येत असे, तिच्या पुनर्निर्मितीला मात्र ती संधी लाभली नाही. तरीही त्या कामावर वर्षानुवर्षे खपलेल्या महाराष्ट्रातील कलावंत व तंत्रज्ञांच्या हाती जो अनुभव आला, तो प्रकल्पाबरोबर रद्द झालेला नाही. तो अनुभव वर्गात आणणे, त्याची नोंद करणे आणि पुढील पिढीला लहान उडीपासून सुरुवात करू देणे, हे काम कोणत्याही परदेशी कंपनीच्या परवानगीवाचून करता येण्याजोगे आहे.